ध, सा, ग, प : पेटीवाल्याची मायनर सेव्हन्थ

रत्नागिरीहून साखरतरची खाडी ओलांडून काळबादेवी मागे टाकली, की गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर आधी आरे लागतं, मग वारे. मधे समुद्रात घुसलेला डोंगर, दोन्ही अंगांना वाळू आणि सुरूची बनं. पर्यटक वरच्या वळणावर गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये पियानो शोधायला निघालेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परतेल. पेटी मात्र देवळात असते, भजन मंडळाच्या कपाटात असते, गणपतीत आरतीला बाहेर निघते. कोकणातल्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, तर बुवा स्वतःच गातो आणि स्वतःच पेटी वाजवतो.

पियानो नसण्याला पैशाइतकंच हवामानही कारणीभूत आहे. पियानोच्या पोटात सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. जिथे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि वाऱ्यात मीठ असतं, तिथे पोलाद गंजतं, लाकूड फुगतं आणि सूर जागेवर राहत नाहीत. पेटीची पट्टीही पावसाळ्यात अडकते, पण तिचं पोट उघडता येतं आणि पितळी रीड घासून सुरात आणता येते. शिवाय १९८० मध्ये कॅसिओ कंपनीने ‘कॅसिओटोन’ बाजारात आणल्यापासून तारा नसलेली, सुरात लावावी न लागणारी पियानोची धाकटी भावंडं घरोघर पोचली. गावाकडे आजही कुठल्याही कंपनीचा की-बोर्ड असो, त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात.

घोळ इथूनच सुरू होतो. लहानपणापासून पेटीवर आरत्या, अभंग वाजवलेली मुलगी कॅसिओवर बसते आणि पियानोचा धडा उघडते. धडा म्हणतो : ए मायनर सेव्हन्थ वाजवा. तिला पट्ट्या ओळखीच्या वाटतात, पण ही भाषा ओळखीची नसते. तिला वाटतं, आता सगळं पहिल्यापासून शिकायचं. खरं तर ही कॉर्ड तिच्या बोटांतून शेकडो वेळा गेलेली असते. फक्त चारही सूर एका वेळी कधी दाबलेले नसतात.

डावा हात कुठे गेला?

पॅरिसच्या अलेक्झांडर दबेंने १८४२ मध्ये ज्या हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते टेबलाएवढ्या उंचीचं वाद्य होतं. हवा पायाने भरायची, दोन्ही हात पट्ट्यांवर. चर्चमधल्या आणि घरगुती गाण्यांना एका वेळी तीन-चार सूर लागत, म्हणून ते तसंच घडवलेलं होतं. हिंदुस्थानात आल्यावर १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला बैठकीत आणलं. पाय गेले, पायटे गेले, भाता मागे आला आणि तो हलवायला डावा हात नेमला गेला.

आपल्या संगीताला याने काही तोटा झाला नाही. तानपुऱ्यावर सा-प धरलेलाच असतो, गाणं एका वेळी एकाच सुरातून पुढे जातं आणि पेटीवाल्याने गळ्याच्या मागोमाग जायचं असतं. त्यासाठी उजवा हात पुरतो. तो किती पुरतो, हे याच जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातून आलेल्या पंडित गोविंदराव पटवर्धनांनी (१९२५-१९९६) दाखवून दिलं. नाट्यपद असो वा ख्याल, गवयाची जागा संपते न संपते तोच ती पेटीतून उमटायची. नाटकातल्या ऑर्गनला पायाने हवा भरत, त्यामुळे तिथे दोन्ही हात मोकळे असत, आणि गोविंदराव ऑर्गनही तितकाच सहज वाजवीत. पण साथीचं काम तिथेही तेच : गळ्याच्या मागे जाणं.

कॉर्डचं काम उलटं आहे. ती गळ्याच्या मागे जात नाही. गळा जिथे उभा राहणार ती जमीन ती आधी अंथरून ठेवते. पेटीवाल्याला अवघड वाटते ती ही बाब, सूर नव्हेत.

तीन, चार, तीन

मराठी पेटीवाल्याकडे पट्ट्यांची स्वतःची नावं आहेत आणि ती या कामी उत्तम चालतात. पांढरी एक ते पांढरी सात, काळी एक ते काळी पाच. इंग्रजीतला सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, आणि ए म्हणजे पांढरी सहा. ‘काळी चारात गातो’ असं गायक म्हणतो तेव्हा त्याचा सा त्या पट्टीवर असतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मायनर सेव्हन्थची घडण मोजून काढता येते. कोणत्याही पट्टीवर सा धरावा. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत तिसरी पट्टी, म्हणजे कोमल गंधार. तिथून चौथी, म्हणजे पंचम. तिथून पुन्हा तिसरी, म्हणजे कोमल निषाद. सा, कोमल ग, प, कोमल नि. पांढरी एकपासून मोजलं तर पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच. काफी शिकलेल्याला यातला एकही सूर परका नाही.

तीन-चार-तीन हा हिशेब उलटा वाचला तरी तोच राहतो. डॉमिनंट सेव्हन्थचा चार-तीन-तीन उलटवला की वेगळीच कॉर्ड तयार होते. मायनर सेव्हन्थचं तसं होत नाही, ती दोन्ही बाजूंनी सारखी.

बारा पट्ट्यांवर अशा बारा कॉर्ड होतात. त्यातल्या तीन निव्वळ पांढऱ्यांवर बसतात : पांढरी दोन, पांढरी तीन आणि पांढरी सहापासूनच्या. निव्वळ काळ्यांवर बसणारी एकच : काळी दोन, काळी तीन, काळी पाच आणि वरची काळी एक. बोटं बसवायला ही चांगली, कारण काळ्या पट्ट्या उंच असतात आणि शेजारच्या पांढरीला चुकून धक्का लागत नाही.

भूप, रिषभ वगळून

धड्यातली ए मायनर सेव्हन्थ आता पेटीच्या भाषेत मांडू. पांढरी सहा, मग वरची पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच. पांढरी एकला सा मानणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानाला हे सूर काय सांगतात? ध, सा, ग, प.

हा भूप आहे. संगीताच्या वर्गात अगदी सुरुवातीला शिकवला जाणारा, सा रे ग प ध एवढ्या पाच सुरांचा. त्यातला रिषभ बाजूला ठेवला आणि धैवतापासून सुरुवात केली, की मायनर सेव्हन्थ हजर. भूपाच्या पाच सुरांतून अशी कॉर्ड एकच निघते, दुसरी निघत नाही. म्हणजे ज्याने भूप वाजवला त्याने ही कॉर्ड सुटी सुटी वाजवलेली आहे.

धैवतापासून का, याचं उत्तर मूर्च्छनेत मिळतं. भूपाचे तेच पाच सूर ठेवून धैवताला सा मानलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि असा धानी उभा राहतो. गंधाराला सा मानलं तर मालकंस, पंचमाला मानलं तर दुर्गा. सूर हलत नाहीत, सा हलतो आणि सगळ्यांचे चेहरे बदलतात. धानीतला मध्यम काढला की उरते ती आपली कॉर्ड.

हिच्या संदिग्ध रंगाचं कारणही इथेच आहे. चार सुरांपैकी खालचे तीन, ध-सा-ग, ही मायनर कॉर्ड. वरचे तीन, सा-ग-प, ही मेजर. दोन्ही एकाच वेळी वाजतात, म्हणून कान ठरवू शकत नाही की हे उदास आहे की प्रसन्न. पाश्चात्त्य वादक याच चार सुरांना, पांढरी एक तळाला असेल तेव्हा, सी सिक्स्थ म्हणतात. सूर तेच, पाया बदलला की नाव बदलतं.

बोटांचं काम

पहिला सराव उजव्या हाताचा. ध-सा-ग-प : अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी. मग खालचा ध उचलून वर ठेवायचा : सा-ग-प-ध. मग ग-प-ध-सा. मग प-ध-सा-ग. पेटीच्या वर्गात पलटे म्हणून हे सूर आलेलेच असतात, इथे प्रत्येक पलटा एका दाबात वाजवायचा. चारही बोटं एकाच क्षणी खाली जायला हवीत. पेटीवाल्याचा हात इथे दगा देतो, कारण त्याची सवय एकामागून एक जाण्याची, आणि कॉर्ड तानेसारखी सांडते. उपाय साधा : बोटं आधी पट्ट्यांवर आवाज न करता ठेवायची, मग मनगटाने एकदम वजन द्यायचं.

दुसरा सराव भाता सोडून आलेल्या डाव्या हाताचा. त्याला चारही सूर लगेच देऊ नयेत. खालच्या सप्तकात जवळजवळचे सूर एकत्र वाजले की आवाज गढूळ होतो, तेव्हा तिथे अंतर हवं. म्हणून डाव्या हाताने फक्त दोन : करंगळीने पांढरी सहा, अंगठ्याने तिच्या वरची पांढरी पाच. उजव्याने मधल्या सप्तकातली पांढरी एक आणि पांढरी तीन. चार सूर दोन हातांत वाटले गेले आणि कॉर्ड मोकळी, स्वच्छ वाजते. पियानोवादकाची रोजची मांडणी अशीच असते.

तिसरा सराव सर्वांत महत्त्वाचा, कारण कॉर्ड एकटी फार वेळ राहत नाही. पांढरी दोन, चार, सहा आणि वरची एक, ही दुसरी पांढरी मायनर सेव्हन्थ. ती धरा. आता दोन आणि चारवरची बोटं हलवू नका, सहावरचं बोट पाचवर आणा, एकवरचं सातवर. झाली दोन-चार-पाच-सात, म्हणजे पांढरी पाचची डॉमिनंट सेव्हन्थ. आता पाच आणि सात तशाच ठेवा, दोनवरचं बोट एकवर आणि चारवरचं तीनवर. एक-तीन-पाच-सात, म्हणजे पांढरी एकची मेजर सेव्हन्थ, आणि गाणं घरी पोचलं.

तीन कॉर्ड झाल्या. प्रत्येक वेळी दोन बोटं जागेवर, दोन बोटं शेजारच्या पांढरीवर खाली. जॅझमधली असंख्य गाणी याच तीन पायऱ्यांवर उभी आहेत. जोझेफ कोझ्माने १९४५ मध्ये रचलेलं आणि पुढे ‘ऑटम लीव्ज’ म्हणून जगभर गेलेलं गाणं याच चालीने सुरू होतं. फरक एवढाच, की नवशिके ते सहसा ज्या पट्टीत शिकतात तिथे पहिली कॉर्ड पांढरी सहाची येते : तीच ध-सा-ग-प.

मराठी कानाला ही सवय कोणी लावली

पाश्चात्त्य स्वरमेळ मराठी प्रांतात आला तो मुख्यतः गोव्याच्या वाटेने. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन, व्हायोलिन आणि समूहगायन शिकवलं जाई. तिथून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांच्या बँडमध्ये आणि पुढे सिनेमाच्या वाद्यमेळात शिरले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजला, पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, आणि गोव्याच्या मुलांनी जॅझच्या कॉर्ड प्रत्यक्ष शेजारी बसून उचलल्या. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं अरेंजिंग करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांनी संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं आणि १९५८ मध्ये हिंदुस्थानी रागांना सिंफनी वाद्यवृंदात बसवण्याचा प्रयोग केला. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचं नाव गुंफलं.

मराठी रंगभूमीवरही खिडकी उघडली होती. केशवराव भोळे यांनी १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ला वेगळ्या धाटणीचं भावगीतासारखं संगीत दिलं, आणि पुढे प्रभातच्या चित्रपटांत पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार अशी वाद्यं वापरली. १९३७ च्या ‘कुंकू’त शांता आपटे चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. पिढ्यांमागून पिढ्या असं काही ऐकत आलेल्या कानाला मायनर सेव्हन्थ परकी वाटत नाही. नाव ठाऊक नसतं, इतकंच.

उलट दिशेचा दाखला त्याहून गमतीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये मार्च १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या चमूने ‘सो व्हॉट’ ध्वनिमुद्रित केलं. आधीच्या जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलत, इथे बदल जवळजवळ नाहीतच. चार मात्रांचा एक बार धरला तर पहिले १६ बार एकच स्वरसप्तक : पांढरी दोनपासून सगळ्या पांढऱ्या. हा आपला काफी थाट, पांढरी दोनात. मग आठ बार तोच थाट अर्ध्या सुराने वर, काळी दोनात, आणि पुन्हा आठ बार मूळ जागी. सुरुवातीला बास प्रश्न विचारतो आणि बिल एव्हान्सचा पियानो दोन कॉर्डमध्ये उत्तर देतो. पहिलीत तळापासून पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात. दुसरीत प्रत्येक बोट शेजारच्या पांढरीवर उतरलेलं : दोन, पाच, एक, चार, सहा.

पेटीवाल्याने हे सूर ओळीने लावून पाहावेत. पहिलीत पांढरी तीनची मायनर सेव्हन्थ अधिक तिचा मध्यम, दुसरीत पांढरी दोनची अधिक तिचा मध्यम. म्हणजे दोन्ही वेळा पुरा धानी, फक्त सूर लांब लांब मांडलेले. जगभरच्या पियानोच्या वर्गांत याला आज ‘सो व्हॉट कॉर्ड’ म्हणतात.

कुठे वाजवू नये

एवढं सांगितल्यावर एक इशारा द्यायलाच हवा. पियानो आणि बाजारची पेटी यांत सप्तकाचे बारा समान भाग असतात. सप्तकाला १२०० सेंट धरलं तर प्रत्येक पट्टी १०० सेंटवर. सहा-पाच या शुद्ध गुणोत्तरातला कोमल गंधार ३१६ सेंटवर येतो, पट्टीवरचा ३०० वर. नऊ-पाच गुणोत्तरातला कोमल निषाद १०१८ वर, पट्टीवरचा १००० वर. एकेकटा सूर वाजतो तेव्हा हा फरक खपून जातो. चार सूर एकत्र वाजले की ते एकमेकांशी भांडतात आणि आवाजात लहर ऐकू येते. पियानोचा आवाज लगेच ओसरतो, म्हणून तिथे ती कमी जाणवते. पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो, म्हणून तिच्यावर जास्त.

या फरकाने महाराष्ट्रात मोठमोठी माणसं गुंतवली. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी सांगलीत श्रुतींची मोजमापं करून १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. त्यांना आयसीएस अधिकारी ई. क्लेमंट्स यांची साथ होती आणि गळ्याचा पुरावा द्यायला अब्दुल करीम खाँ होते. यातून श्रुती-हार्मोनियम तयार झालं, पण ते बैठकीत रुळलं नाही. पुढे १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवरच बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. मुख्य आक्षेप दोन : सूर ठरलेले, आणि मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात अखंड सरकणं, नाही.

कॉर्डच्या बाबतीत दोन्ही आक्षेप दुपटीने लागू होतात. भीमपलासातला कोमल निषाद ‘सा’कडे झुकत येतो, बागेश्रीतला गंधार स्थिर उभा राहत नाही. त्यांच्याखाली मायनर सेव्हन्थ धरून ठेवली तर गायकाचा सूर एका जागी आणि पेटीचा दुसऱ्या जागी. ख्यालाच्या साथीत ती वाजवू नये, हे सरळ सांगून टाकावं. भावगीत, सिनेमाचं गाणं, शाळेचं समूहगीत, कॅरोल, ऑर्केस्ट्रा इथे मात्र ती खुशाल वाजवावी. भजनात गजर चालू असताना चालते, बुवाने आलापी सुरू केली की हात आवरावा.

ज्यांच्याकडे कॅसिओही नाही त्यांनी पेटीवरच सुरुवात करावी. भूप एकदा नेहमीसारखा वाजवा, मग ध-सा-ग-प एकदम दाबा. त्याआधी कपलर, म्हणजे दाबलेल्या पट्टीसोबत सप्तकाच्या अंतरावरची पट्टीही दाबणारी सोय, मात्र काढून ठेवा. खर्ज-नर अशा दुहेरी रीडच्या पेटीत कपलर लावून चार पट्ट्या दाबल्या तर एकाच वेळी सोळा रीड हवा मागतात, आणि डाव्या हाताने भाता कितीही हलवला तरी तेवढी हवा पुरत नाही.